इंटर्नशिप जर्मनीत करावी की जपानमध्ये? कार्यालयीन रीतींचा तुलनात्मक आढावा

जर्मनी आणि जपान या दोन्ही देशांतून इंटर्नशिपचे बोलावणे आलेला विद्यार्थी बहुधा एका समजुतीने निर्धास्त असतो. दोन्हीकडे वक्तशीरपणा आहे, दोन्हीकडे काम काटेकोर आहे, तेव्हा एकीकडे रुळता येणार असेल तर दुसरीकडेही रुळता येईल, असे त्याला वाटते. वेळ पाळण्यापुरते ते खरेही आहे. मात्र रुळण्यातली खरी अडचण आपले चुकले हे आपल्याला कसे कळते या प्रश्नाभोवती असते, आणि तेथे या दोन देशांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात.

जर्मन कार्यालयात चूक तोंडावर सांगितली जाते. आधी कौतुकाची पेरणी न करता, भर बैठकीत, ‘हे गणित बरोबर नाही’ एवढेच वाक्य ऐकावे लागते आणि ते बोलणारी व्यक्ती अर्ध्या तासाने सहजपणे जेवायला सोबत घेऊन जाते. दोष कामाला दिला होता, आपल्याला नव्हे, हे बुद्धीला लगेच पटते; मनाला पटायला काही आठवडे जातात. जपानमध्ये असा घाव सहसा बसत नाही. ‘जरा अवघड आहे’ या सौम्य शब्दांचा अर्थ अनेकदा स्पष्ट नकार असतो, आणि तो ओळखण्याच्या कौशल्याला तेथे ‘हवा वाचणे’ असे म्हणतात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली संस्कृतींची उच्च-संदर्भ (बराचसा अर्थ न बोलता सूचित होणाऱ्या) आणि अल्प-संदर्भ (अर्थ शब्दांतच स्पष्ट सांगणाऱ्या) अशी मांडणी केली, तीत जपानी पहिल्या आणि जर्मन भाषक दुसऱ्या टोकाजवळ येतात. नवख्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर जर्मनीत पहिला महिना बोचतो, पण शिकवतो. जपानमध्ये पहिला महिना सुखाचा जातो आणि त्यात आपण काय चुकलो याचा पत्ताही लागत नाही.

हाच फरक रोजच्या कामातही उतरतो. जपानी कंपन्यांत नव्या माणसाला ‘होरेन्सो’ शिकवतात. अहवाल देणे, माहिती कळवणे आणि सल्ला घेणे या अर्थांच्या तीन जपानी शब्दांच्या आद्याक्षरांतून हा शब्द तयार झाला आहे. उच्चारात तो पालकाच्या भाजीच्या जपानी नावाशी जुळतो, त्यामुळे सहज लक्षात राहतो. काम अर्धवट असले तरी ते कोठवर आले हे वरिष्ठांना कळवत राहणे, आणि अडचण दिसताच, ती सोडवण्याआधीच, सांगणे अपेक्षित असते. जर्मनीत नेमके हेच वागणे अंगाशी येऊ शकते, कारण काम एकदा सोपवले की ते स्वतःच्या जबाबदारीवर पुरे करावे असे तेथे गृहीत असते आणि वारंवार विचारणारा प्रशिक्षणार्थी परावलंबी ठरतो. सूचना मांडण्याचेही तसेच आहे. जर्मन बैठक ही वाद घालण्याची जागा असते. जपानमध्ये निर्णयाची मशागत, म्हणजे ‘नेमावाशी’, संबंधितांशी एकेकट्याने बोलून आधीच झालेली असते, म्हणून बैठकीत अचानक मांडलेली उत्तम कल्पनाही अवघडलेल्या शांततेत विरून जाते.

संबोधनाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जर्मन ‘झी’ आणि ‘डू’ हा भेद ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांच्या जवळचा असल्याने मराठी माणसाला तो परका वाटत नाही. फक्त ‘डू’ची सुरुवात वरिष्ठांनी करावी. जपानमध्ये आडनावाला ‘सान’ जोडले की निभावते, पण आदरार्थी भाषेचे पूर्ण व्याकरण थोड्या महिन्यांत येत नाही आणि परदेशी माणसाकडून तेवढी अपेक्षाही नसते.

कामाच्या तासांबाबत कायदे वाटतात तितके दूर नाहीत. दोन्हीकडे दिवसाचे आठ तास हा पाया आहे. जर्मनीत सरासरी आठ राखून दिवसाला दहा तासांपर्यंत जाता येते आणि दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते. जपानमध्ये एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना आणि पुढच्या वर्षापासून छोट्या कंपन्यांना ओव्हरटाइमची महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास ही सर्वसाधारण मर्यादा लागू झाली. फरक निघण्याच्या क्षणी जाणवतो. जर्मन सहकारी काम संपताच उठतो, तर जपानमध्ये उठताना ‘आपल्याआधी निघतो, क्षमस्व’ अशा अर्थाचे ठरलेले वाक्य म्हणावे लागते.

तीन महिन्यांपर्यंतच्या इंटर्नशिपसाठी मी जर्मनीच सुचवेन. जपान निवडायचे तर किमान सहा महिने हाताशी असावेत, कामापुरते जपानी यावे आणि आपल्याला स्पष्ट सांगणारा मार्गदर्शक कोण असेल हे स्वीकृतीपूर्वीच विचारून घ्यावे. जर्मनीबाबत मात्र एक अपवाद ध्यानात ठेवावा. एरवी आडपडदा न ठेवणारे जर्मन शेवटच्या प्रशस्तिपत्रात आडवळणाने लिहितात, कारण ते पत्र सत्य असावे आणि उमेदवाराबद्दल सद्भावनेचेही असावे असा तेथील दंडक आहे. ‘सदैव आमच्या पूर्णतम समाधानास उतरले’ हा सर्वोच्च शेरा असतो, नुसते ‘समाधानास उतरले’ हा जेमतेम उत्तीर्णाचा, आणि ‘प्रयत्न केला’ याचा अर्थ काम जमले नाही असा घेतला जातो. ते पत्र हाती पडताच जर्मन जाणकाराकडून वाचून घ्यावे; दुरुस्तीची विनंती करायची तर कार्यालय सोडण्यापूर्वी करणे सोयीचे पडते.