काटापट्टीची वेळ जेसनमध्ये: आयएसओ मजकूर की युनिक्स आकडा?

जिनिंगसाठी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापूस खरेदीचं वेब ॲप करायला घेतलं की हा प्रश्न लगेच येतो, कारण जेसनमध्ये (ॲप आणि सर्व्हर यांच्यात माहिती पाठवायचं मजकुराचं रूप) तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही. जेसन करताना पायथॉन डेटटाइम (तारीख-वेळेचं मूल्य) दिसताच एरर देऊन थांबतं, तर जावास्क्रिप्ट काही न विचारता यूटीसीचा (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) मजकूर करून मोकळं होतं. तेव्हा रूप आपणच ठरवायचं.

हंगामात वणी, हिंगणघाटकडे कापसाच्या गाड्या रात्रीपासून रांगेत लागतात. समजा, १२ नोव्हेंबर २०२४ ला पहाटे ४:१० ला एका गाडीचा काटा, म्हणजे वजन, झाला आणि काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, निघाली. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ही वेळ २०२४-११-१२ ०४:१०:००+०५:३० अशी जाते (मधल्या रिकाम्या जागी टी हे अक्षर). युनिक्स पद्धतीत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, म्हणजे १७३१३६४८००.

आकडा सुटसुटीत आहे. क्रम लावणं, दोन वेळांतलं अंतर काढणं सोपं जातं. पण तो सेकंदांत आहे की मिलिसेकंदांत, हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं. पीएचपी सेकंद देतं, जावास्क्रिप्टला मिलिसेकंद लागतात. हजाराने गुणायचं राहिलं की हीच काटापट्टी २१ जानेवारी १९७० ची दिसते. शिवाय चुकाऱ्यावरून वाद झाला आणि लॉग (नोंदींची फाइल) उघडला, तर त्या दहा आकड्यांवरून कुणालाच काही बोध होत नाही. आयएसओ मजकूर मुनीमही वाचू शकतो. म्हणून माझा कौल मजकुराला, आणि तोही ऑफसेटसकट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक सांगणाऱ्या शेवटच्या +०५:३० सह.

देशात एकच प्रमाणवेळ आहे, मग ऑफसेट कशाला, असं वाटू शकतं. पण भाड्याचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतो. तिथे हा काटा ११ नोव्हेंबरच्या रात्री १०:४० चा ठरतो. नुसत्या तारखेवरून भाव लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक गाडी आदल्या दिवसात जाते. भाव रोज हलतो तिथे हा थेट शेतकऱ्याच्या पैशाचा फरक आहे.

पेरणीची तारीख, जन्मतारीख यांना मात्र वेळ चिकटवूच नका. कॅलेंडरवर १२ तारीख निवडली की तारीख निवडायच्या अनेक तयार लायब्रऱ्या स्थानिक मध्यरात्र धरतात, आणि जेसन करताना ती ११ तारखेची १८:३० यूटीसी होते. पुढे कुणी पहिली दहा अक्षरं कापून घेतली की तारीख एक दिवस मागे. इथे नुसतं २०२४-११-१२ पाठवा, डेटाबेसमध्येही कॉलम तारखेचाच ठेवा.

०५/११/२०२४ हे रूप फक्त पडद्यावर आणि छापील पावतीवर ठीक. जावास्क्रिप्टला तसंच दिलं तर ते ११ मे समजतं.

जुनं ॲप आकडेच पाठवत असेल तर चालू हंगामात ते मोडू नका. फील्डच्या नावातच सेकंद की मिलिसेकंद ते लिहा, मजकुराचं नवं फील्ड शेजारी सुरू करा, आणि सगळे फोन नव्या आवृत्तीवर आले की जुनं काढा.