कार्त-द-व्हिजित की कॅबिनेट कार्ड: संग्रहाची सुरुवात कशापासून करावी?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, पुठ्ठ्यावर चिकटवलेले माणसांचे फोटो जमवायचं मनावर घेतलं की पहिल्याच खरेदीला प्रश्न पडतो: लहान कार्त-द-व्हिजित घ्यावं की मोठं कॅबिनेट कार्ड? ब्रिटनमधल्या जुन्या बाजारांत, लिलावांत आणि ऑनलाइन दोन्ही भरपूर मिळतात. अनोळखी माणसांची साधी कार्डं आजही थोडक्या पौंडांत हाती लागतात, त्यामुळे निर्णय पैशांवर अडत नाही. माझं मत आधीच सांगतो. सुरुवात कार्तपासून करा, आणि प्रत्येक कार्ड आधी उलटून त्याची पाठ बघा.

ओळखायला एक पट्टी पुरते. कार्तचा पुठ्ठा साधारण अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच असतो. पॅरिसचे फोटोग्राफर दिस्देरी यांनी 1854 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठपर्यंत चित्रं घेता यायची, म्हणून फोटो स्वस्त झाला. 1860 मध्ये लंडनचे फोटोग्राफर मेयॉल यांनी राणी आणि तिच्या कुटुंबाची कार्तं विक्रीला काढली, आणि ब्रिटनमध्ये घरोघरी अल्बम भरू लागले. कॅबिनेट कार्ड 1866 मध्ये लंडनमध्ये आलं. त्याचा पुठ्ठा सव्वाचार बाय साडेसहा इंच. पुढच्या दोन दशकांत त्याने कार्तला मागे टाकलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते चाललं. याखेरीज व्हिक्टोरिया, प्रॉमिनाड, बूदवार अशा नावांचे आकारही होते, पण नवख्याने त्यांत शिरू नये.

फोटोचा काळ ठरवायला शिकायचं असेल तर कार्तसारखा गुरू नाही. 1860 च्या दशकातला पुठ्ठा पातळ, कोपरे काटकोनात, आणि पाठीवर स्टुडिओचं नाव लहान अक्षरांत. 1870 नंतर गोल कोपरे दिसू लागतात आणि पुठ्ठा जाड होतो. 1880 च्या दशकात तिरकी कापलेली सोनेरी कड, गडद हिरवा, मरून किंवा काळा पुठ्ठा, आणि पाठभर वेलबुट्टी, पदकं, राजचिन्हं. समोरच्या बाजूलाही असाच बदल आहे. आधी खांब, पडदा आणि कठड्याशेजारी उभी पूर्ण आकृती; मग कॅमेरा जवळ येत जातो आणि शेवटी डोकं-खांदे उरतात. हे ठोकताळे आहेत. गावाकडचा फोटोग्राफर जुना पुठ्ठा संपेपर्यंत वापरायचा, त्यामुळे पाच-सात वर्षांची ढील ठेवावी.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत: पुठ्ठ्याचा काळ म्हणजे चित्राचा काळ असेलच असं नाही. 1850 च्या आसपासचा डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा एकुलता एक फोटो, पुन्हा टिपून नंतर त्याची कार्तं काढून घेत असत. पुठ्ठा 1870 चा आणि पोशाख वीस वर्षं जुना दिसला, कडा मऊ आणि छटा सपाट वाटल्या, तर ती नक्कल समजावी.

कॅबिनेट कार्डाचं बळ चेहऱ्यात आणि कपड्यांत आहे. जाळीदार लेस, ब्रोचवरची नक्षी, घड्याळाची साखळी भिंगाखाली स्वच्छ दिसते. बाईच्या बाह्या खांद्याशी फुग्यासारख्या फुगलेल्या असतील तर ते कार्ड बहुतेक 1895 च्या आगेमागेचं. एवढा बारकावा कार्तमध्ये क्वचित मिळतो. मात्र मोठ्या आकारात चेहऱ्यावरचे डागही दिसू लागले, म्हणून निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवायची पद्धत वाढली. तुकतुकीत त्वचा बघून फोटो नकली ठरवू नका. शिवाय 1890 च्या दशकातले पुठ्ठे बऱ्याचदा हलक्या लगद्याचे, त्यामुळे ते ठिसूळ झालेले असतात. कोपरा तुटलेलं कॅबिनेट कार्ड फार वेळा समोर येतं.

माणसाची ओळख पटवायला पुन्हा कार्त सरस, निदान लंडनपुरतं तरी. लंडनमधले फोटोग्राफर कामीय सिल्वी यांच्या स्टुडिओच्या रोजवह्या लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. 1859 ते 1868 या काळातल्या सुमारे 17,000 बैठकी त्यांत चित्रासह नोंदल्या आहेत, त्यामुळे आपलं कार्त त्यांच्याशी ताडून बघता येतं. इतर स्टुडिओंसाठी त्या-त्या शहराच्या व्यापारी डिरेक्टऱ्या वापराव्यात. स्टुडिओ कोणत्या पत्त्यावर कधी होता हे कळलं की काळ आपोआप आवळत जातो. प्रसिद्ध माणसांच्या कार्डांना जास्त पैसे मोजण्याआधी मात्र थांबा. फोटोग्राफर डाउनी यांनी काढलेला, राजकन्या अलेक्झांड्राने मुलीला पाठुंगळी घेतलेला फोटो सुमारे तीन लाख प्रतींत खपल्याचं सांगतात. राजघराण्याचा म्हणून तो दुर्मीळ ठरत नाही.

एका दाव्याला कधीही बळी पडू नका. उभ्या माणसाच्या पायांमागे लोखंडी स्टँडचा तळ दिसला की ‘प्रेताला उभं करून काढलेला फोटो’ म्हणून किंमत अनेक पटींनी लावतात. तो स्टँड जिवंत माणसाचं डोकं काही सेकंद स्थिर राहावं म्हणून असायचा. प्रेताचा भार त्याला पेलणारच नाही. मृतांचे फोटो त्या काळी काढत, पण ते बहुधा पलंगावर किंवा शवपेटीत निजलेल्या स्थितीत. कुणाच्या आईचा, कुणाच्या लेकराचा जिवंतपणीचा फोटो असा मृत्यूच्या नावाने विकला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अस्सलपणाची परीक्षा दोन्ही आकारांना सारखीच. भिंगाखाली एकसारखे छापील ठिपके दिसले तर तो फोटो नव्हे, छपाई आहे. अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या थरावर, चित्र तपकिरी असतं आणि उजळ भाग बहुधा पिवळसर झालेले असतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा.

भरलेला जुना अल्बम मिळाला तर तो अख्खाच घ्या आणि अख्खाच ठेवा. कोण कोणाशेजारी लावलंय यावरूनच घरातली नाती उलगडतात. सुटी कार्डं विकून ती वाट कायमची बंद होते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याचा विचार आधी करा. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लरहित खोका वापरा, खोक्यात सिलिका जेल ठेवा आणि खोका भिंतीला टेकवू नका. खळ आणि अल्ब्युमेन दोन्ही कसरीला आवडतं. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवायचा किंवा लॅमिनेट करायचा विचारही नको.

मुंबईच्या स्टुडिओचं कार्ड दिसलं तर आकाराचा हा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि परवडत असेल तर घ्या. इथे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच स्थापन झाली होती. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि हरिचंद चिंतामण हे इथले पहिल्या पिढीतले भारतीय फोटोग्राफर, आणि पुढे बोर्न अँड शेफर्ड या फोटोग्राफी कंपनीची शाखा व 1896 पासून राजा दीनदयाळांचा स्टुडिओही मुंबईत होता. परदेशी राहणाऱ्यांनी अशी कार्डं तिकडेच शोधावीत. भारतात घेतलेली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू बाहेर नेण्यावर 1972 च्या कायद्याने निर्बंध आहेत, म्हणून बॅगेत टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.