ड्रम स्मोकरचे आठ महिने आणि कोरडं न पडणारं बदक

गेल्या दिवाळीनंतर हा स्मोकर, म्हणजे मांस धुरावर मंद शिजवायचं भांडं, बनवून घेतला. लोखंडी ड्रम, खाली निखाऱ्यांची टोपली, वर दोन जाळ्या, झाकणावर तापमानाचा काटा. परवाच्या गटारीपर्यंत त्यात अकरा बदकं झाली. पहिली तीन इतकी कोरडी निघाली की पाण्याच्या घोटाबरोबर गिळावी लागली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी बदकाचं. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक डोळे भरून पाहायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांची शिकार बंद आहे, आणि ते पाणी २०२०मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मी निफाडकडच्या एका शेतकऱ्याकडून पाळीव गावठी बदक आणतो. दिवसभर पाटात नि बांधावर हिंडणारं हे पाखरू रानबदकासारखंच सडसडीत, कातडीखाली चरबी बेताची. म्हणून रानबदकासारखंच हेही लवकर कोरडं पडतं.

मांस धुराने कोरडं पडत नाही, उष्णतेने पडतं. तंतू आकसतात आणि पाणी पिळून टाकतात. माझ्या झाकणावरचा काटा ११० अंश दाखवायचा तेव्हा जाळीवर १४० असायचे. काटा बदलून घेतला, दुसराही तसाच निघाला. शेवटी मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर घेतला. स्मोकर घेणार असाल तर त्याचे पैसे आधीच बाजूला काढा.

आता मी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम गूळ आणि थोडे मिरे घालून बदक त्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी पुसून, न झाकता परत फ्रिजमध्ये चार तास. वरून हाताला किंचित चिकट लागलं की धूर नीट धरतो. ओल्या कातडीवर काजळीच बसते. छाती आणि तंगड्या वेगळ्या करतो. छाती आत ७४ अंशांना पोचली की लगेच उतरवायची, तर तंगड्या ८५च्या आसपास गेल्याशिवाय मऊ होत नाहीत. अख्खं बदक ठेवून या दोन्ही गोष्टी साधत नाहीत, मला तरी साधल्या नाहीत. म्हणून तंगड्या तासभर आधी चढवतो. छातीवर मटणवाल्याकडून आणलेली चरबीची पातळ जाळी पसरतो, ती वितळत मांसावर झिरपत राहते. निखाऱ्यांवर पाण्याचं पातेलं ठेवतोच. उतरवल्यावर पंधरा मिनिटं सुरीला हात लावायचा नाही.

लाकूड पेरूचं किंवा काढून टाकलेल्या द्राक्षबागेच्या जुन्या खोडाचं. द्राक्षाचा धूर हलका, गोडसर. मात्र बागेवर वर्षभर फवारण्या होतात, त्यामुळे साल तासून आतलं वाळलेलं लाकूडच घेतो. छाटणीच्या ओल्या काड्या एकदा वापरल्या, मांस कडू झालं.

ड्रमचा पत्रा पातळ आहे. जानेवारीतल्या थंडीत पहाटे शंभर अंश गाठायला दुप्पट कोळसा लागला. पावसाळ्यात झाकणाच्या कडेने गंज धरलाय, दर वेळी तेलाचा हात फिरवावा लागतो. या किमतीत जाड पत्रा मिळायला हवा होता. तरीही मी तो विकणार नाही. रविवारी उरलेल्या हाडांचा काळ्या मसाल्यात रस्सा केला. आईला पहिल्या तीन वेळा बदक आवडलं नव्हतं, या वेळी तिने दुसरी भाकरी मागून घेतली.