जुन्या फायबर बोटीसाठी सांगलीत बनवून घेतलेले स्टील आणि गनमेटलचे पार्ट: एक पावसाळा आणि खाडीतला एक हिवाळा वापरल्यावर

बोट चौदा फुटी, फायबरची, ऐंशीच्या दशकातली, आयुष्यभर कोकणात खाडीच्या खाऱ्या पाण्यात राहिलेली, मी घेतली आणि सांगलीला आणली. फायबर अजून टणक आहे, त्या काळी मॅटचे थर हात राखून मारत नसत. पण धातूचा एकूण एक पार्ट गेलेला. मूळ पार्ट पितळी, वर क्रोमचा मुलामा. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागं उरतं ते गुलाबीसर पोकळ तांबं, लांबून बघितलं तर पार्ट जागच्या जागी दिसतो पण पक्कडीत धरून जरा पिळला की खारी बिस्किटासारखा तुटतो. तसे सगळेच तुटले.

रेडिमेड क्लीट (दोरी बांधायचा खुंट), यू-बोल्ट ऑनलाइन मिळतात की, मग बनवून कशाला घ्यायचे असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण भोकांचं अंतर. जुनं माप इंचात आणि सुतात, नवा पार्ट मिलीमीटरमध्ये, म्हणजे जुनी भोकं बुजवा आणि शेजारी नवी पाडा, चाळीस वर्षांच्या डेकची चाळण होते. शिवाय नाकाडावरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, यू-बोल्ट तिथल्या गोलाईला बसायला हवा, सपाट पट्टीचा तिथं टेकतच नाही.

आता मुद्द्याचं. सांगलीत स्टीलचं काम करणारे गल्लोगल्ली आहेत पण त्यात दोन जाती आहेत, एक गेट-रेलिंगवाले आणि दुसरे दुधाच्या टाक्या, पाइपलाइन करणारे. बोटीचं काम दुसऱ्याकडंच द्या. हे मी उगाच म्हणत नाही, बोटीच्या डाव्या बाजूचं रेलिंग आधीच्या मालकानं कुठल्यातरी रेलिंगवाल्याकडनं करून घेतलेलं होतं ते मी मुद्दाम काढलं नाही, उजव्या बाजूचं नवीन डेअरीच्या टाक्या करणाऱ्याकडनं केलं, दोन्ही एकाच पाण्यात, एकाच उन्हात. पावसाळा संपेपर्यंतच डावीकडं प्रत्येक जॉइंटच्या कडेला तांबूस कडं आलं, उजवीकडं काही नाही.

फरक कशात? एक म्हणजे मटेरियल. रेलिंगला बाजारात सर्रास २०२ ग्रेडचा स्टेनलेस पाइप येतो, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, घरातल्या जिन्याला चालतं, पाण्यावर नाही. "साहेब चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४च" (जास्त निकेलची चांगली जात) हे ऐकून फसू नका, २०२ लापण चुंबक चिकटत नाही, आणि उलट ३०४ चा पाइप थंडा वाकवला की वाकवलेल्या जागी थोडा चिकटायला लागतो. पत्र्याबरोबर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं आणि त्यावरचा हीट नंबर (मिलमधल्या त्या ओतणीचा नंबर) पत्र्यावरपण छापलेला असतो तो जुळवून बघा, डेअरीवाल्याला हे मागितलं तर तो कपाळाला आठ्या घालत नाही कारण त्याचं गिऱ्हाईक रोजच मागतं. दुसरं म्हणजे वेल्डनंतरची सफाई. आर्गॉन वेल्डिंग केल्यावर बाजूला निळा-तपकिरी रंग येतो, तिथला क्रोमियम जळून वर आलेला असतो आणि गंज पहिल्यांदा तिथंच धरतो. रेलिंगवाला त्यावर बफ मारून चकाचक करतो, दिसायला आरसा पण जळका थर बऱ्याचदा आतच दडपलेला असतो. डेअरीवाला पिकलिंग पेस्ट लावून तो थर खाऊन टाकतो मग पाण्यानं धुतो, पार्ट मॅट, पांढुरका दिसतो, शोरूमसारखा नाही. ज्यांना चकाकी पाहिजे त्यांनी पिकलिंगनंतर बफ करून घ्यावं, आधी नाही. आणि ही पेस्ट घरी आणून लावायच्या भानगडीत पडू नका, त्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, कातडीतनं हाडापर्यंत जातं, काम त्यांच्याकडंच होऊ द्या.

३०४ की ३१६ यावर माझा आणि त्या डेअरीवाल्या मिस्त्रींचा बराच वाद झाला. ते म्हणाले, "नदीच्या गोड्या पाण्याला ३१६ घालून पैसे कशाला घालवताय, आमच्या दुधाच्या टाक्यासुद्धा ३०४ च्या." बरोबर आहे त्यांचं. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्याचा उपयोग क्लोराइडशी म्हणजे मिठाशी गाठ पडते तिथं. पण माझी बोट हिवाळ्यात आंबा घाटातनं खाली रत्नागिरीकडं जाते, म्हणून पाण्याला लागणारे पार्ट ३१६ चे आणि वरचं रेलिंग, क्लीट ३०४ चे असं ठरलं. वेल्डिंगची फिलर तार पण त्याच जातीची लागते, ३०४ ला ३०८ एल आणि ३१६ ला ३१६ एल, हे त्यांनी न सांगता वापरलं यातच मला माणूस कळला. खाडीतनं परत आल्यावर ३०४ च्या क्लीटवर फिकट तपकिरी डाग आले होते, खोल नाहीत, स्कॉचब्राइटनं निघाले. ३१६ चा यू-बोल्ट तसाच्या तसा. म्हणजे फक्त कृष्णेत, वारणेत फिरवणार असाल तर ३०४ पुरे, जास्त घालवू नका. कोकणात वर्षभर ठेवणार असाल तर क्लीटसुद्धा ३१६.

पण खरं सांगू का, ग्रेडवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मीसुद्धा पार्ट फायबरला बसतो कसा यावर होत नाही आणि बोटी तिथंच मरतात. जुन्या बोटींच्या डेकमध्ये वरखाली फायबर आणि मधे प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातनं पाणी आत शिरलं की प्लाय कुजतो, डेक पायाखाली दबायला लागतो, आणि वर त्याच भोकात कोंडलेल्या पाण्यात स्टीलला हवा मिळत नाही, स्टीलला गंजापासून वाचवणारा जो पातळ थर असतो तो हवेतल्या ऑक्सिजनवरच टिकतो, तो तुटला की डोक्याकडनं चकचकीत दिसणारा बोल्ट आतनं खड्डे पडून बारीक होतो. म्हणून ८ मिमीच्या बोल्टला आधी १२ मिमीचं भोक पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीनं पूर्ण भरायचं, सुकलं की मधोमध ८ मिमीचं परत पाडायचं. प्लायला पाणी दिसतच नाही मग. भोकाच्या वरच्या तोंडाला थोडी खोबणी मारायची म्हणजे सीलंटची रिंग तिथं बसते आणि जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत थराला) तडे जात नाहीत. सीलंट पॉलियुरेथेनचं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आंबट वासाचं सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं ॲसिड धातूला चांगलं नाही आणि त्याचा अंश राहिला तर पुढं रंग धरत नाही.

खालून बॅकिंग प्लेट हवीच. नुसत्या वॉशरवर क्लीट बसवलं आणि लाटेत दोरीला हिसका बसला की वॉशर फायबरमधनं ओढून वर येतो. माझ्या प्लेटा ५ मिमी ३०४ च्या, लेसरनं कापलेल्या, कोपरे गोल. फर्मा मी पुठ्ठ्याचा काढून नेला होता आणि त्यावरनं त्यांनी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग केलं. दोन ठिकाणी स्टीलऐवजी इलेक्ट्रिक पॅनेलवाल्यांकडं मिळते ती ग्लास इपॉक्सीची शीट वापरून बघितली, आत्तापर्यंत तीपण हललेली नाही, हलकी आहे, गंजायचा प्रश्नच नाही. पुढच्या वेळी सगळीकडं तीच घालेन असं वाटतंय. ॲल्युमिनियमची प्लेट मात्र स्टीलच्या बोल्टखाली नको, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

वल्ह्याचे रोलॉक सॉकेट, म्हणजे वल्हं अडकवायची कडी ज्यात बसते ते, गनमेटलचे ओतून घेतले. आपल्या भागात पंप आणि साखर कारखान्यांमुळं गनमेटलचे बुश ओतणारे आहेतच, त्यांना जात ८५-५-५-५ म्हणजे तांबं, कथील, शिसं, जस्त असं सांगितलं की पुढं काही सांगावं लागत नाही. एकच गोष्ट, जुना पार्टच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर नवा थोडा लहान निघतो कारण धातू थंड होताना आकसतो, म्हणून ओतणाऱ्यानंच पार्टला पुट्टीचा थर चढवून घेतला आणि भोक लेथवर नंतर काढलं. सगळ्या कामात मला हेच सगळ्यात जास्त आवडलेलं आहे. वल्हं फिरताना आवाज नाही, झीज दिसत नाही, रंग जरा काळवंडला तेवढाच.

ट्रान्सम म्हणजे इंजिन लागतं ती मागची भिंत, आतला कुजलेला प्लाय काढून आयएस ७१० चा मरीन प्लाय घातला, बाहेरनं ३१६ ची प्लेट. इंजिन शॉर्ट शाफ्ट, म्हणून उंची १५ इंच ठेवली, लाँग शाफ्टला २० लागते, हे माप आधी नक्की करा मग प्लेट कापा. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पखाली जाड रबर घातलंय म्हणजे दोन धातू थेट भिडत नाहीत. गोड्या पाण्यात इंजिनाचा झिंकचा ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) नीट काम करत नाही, नदीसाठी मॅग्नेशियमचा लावलाय.

तक्रारी आहेत. लेसरच्या कडा धारदार आल्या, कानस मला मारावी लागली. गाळप हंगामाच्या आधीचे महिने टाळा, सगळे चांगले वेल्डर कारखान्यांच्या मेंटेनन्सला गेलेले असतात आणि तुमचा जॉब कोपऱ्यात धूळ खात पडतो. स्टीलचे नट-बोल्ट मशीननं आवळू नका, आटे गरम होऊन एकमेकांत रुततात आणि मग ग्राइंडरशिवाय निघत नाहीत, अँटिसीझ ग्रीस लावून हातानं पाना मारा. खर्च? फायबरच्या कामापेक्षा कमी आला, आणि त्यातला मोठा भाग मटेरियल नाही, वेल्डिंग आणि फिटिंगची मजुरी.

यंदाच्या पावसाळ्यात बोट नदीकाठीच होती. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा आणि ४५ ला धोका, पण माझा हिशोब पातळी तिशीकडं सरकली की बोट ट्रेलरवर. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गुळाच्या काहिलीतनं माणसं हलवलेली बघितलीत या भागानं, त्यामुळं आमच्या घरातल्यांना बोट म्हणजे हौस वाटतच नाही. ट्रेलरवर ओढताना सगळं वजन नाकाडावरच्या त्या यू-बोल्टवर येतं, चिखलातनं, चढावर. भोवतीच्या जेलकोटला केसाएवढासुद्धा तडा नाही.

डावीकडचं २०२ चं रेलिंग आता काढणार आहे, त्याचा फर्मा कापून तयार आहे. दिवाळीनंतर देईन म्हणालेत मिस्त्री, बघू कुठली दिवाळी ते.