तीन तारांचा पेसमेकर: मराठवाड्यातून घेताना काय तपासून घ्यावं

सीआरटी (कार्डियाक रिसिंक्रोनायझेशन थेरपी) म्हणजे तीन तारांचा पेसमेकर. योग्य पेशंटला लावला तर आयुष्य वाढवणारं यंत्र आहे. पण हृदयाचं पंपिंग (इकोच्या रिपोर्टमधलं इजेक्शन फ्रॅक्शन) कमी असलेल्या प्रत्येकासाठी ते नाही.

हृदयाच्या विद्युत्प्रवाहाची डावी फांदी बंद पडली की डाव्या कप्प्याची मधली भिंत आधी आवळते, बाहेरची मागून. मग रक्त पुढं जाण्याऐवजी आतल्या आतच हिंदकळतं. सीआरटीची एक तार उजव्या वरच्या कप्प्यात, दुसरी उजव्या खालच्या कप्प्यात आणि तिसरी कोरोनरी सायनस या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाला जाते. दोन्ही भिंती पुन्हा एकत्र आवळू लागतात.

निवड ठरते ती ईसीजीच्या पट्टीवर. नेहमीच्या वेगाच्या पट्टीवर एक बारीक चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद. क्यूआरएसची (खालचे कप्पे आवळताना पट्टीवर उमटणाऱ्या लाटेची) रुंदी 150 मिलिसेकंद किंवा जास्त, म्हणजे जवळजवळ चार बारीक चौकोन, सोबत एलबीबीबीचा (डावी फांदी बंद असल्याचा) नमुना आणि तीन महिने पूर्ण औषधं घेऊनही पंपिंग 35 टक्के किंवा त्याखाली असेल, तर फायदा सर्वांत खात्रीचा. 130 ते 149 मध्ये विचार होतो. 130 च्या खाली बसवूच नये; अरुंद क्यूआरएसच्या पेशंटवर 2013 साली झालेल्या अभ्यासात सीआरटी चालू असलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. नुसता इकोचा रिपोर्ट दाखवून कुणी बसवायला सांगत असेल, तर ‘क्यूआरएस किती?’ हे विचाराच.

लांब पल्ल्याचे आकडे भक्कम आहेत. 2005 च्या केअर-एचएफ अभ्यासात 813 पेशंट होते. सरासरी 29 महिन्यांत नुसत्या औषधांवरच्या गटात 30 टक्के मृत्यू झाले, सीआरटीच्या गटात 20 टक्के. मॅडिट-सीआरटी अभ्यासात सात वर्षांनी एलबीबीबी असलेल्यांमध्ये नुसत्या शॉक मशीनच्या (धोक्याचे ठोके शॉक देऊन थांबवणाऱ्या आयसीडीच्या) गटात 29 टक्के मृत्यू झाले, सीआरटीसह 18. एलबीबीबी नसलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. राफ्ट अभ्यासाचा 2024 चा पाठपुरावा त्याहून लांबचा. त्यात हयात पेशंटवर जवळपास 14 वर्षं लक्ष ठेवलं होतं. नुसत्या शॉक मशीनच्या गटात 76.4 टक्के मृत्यू, सीआरटीसह 71.2. म्हणजे आजार मुळातून जात नाही, वर्षं मिळतात. साधारण तिघांतल्या एकाला अपेक्षित सुधारणा जाणवत नाही, हे ऑपरेशनआधीच नातेवाइकांना सांगितलं गेलं पाहिजे.

डाव्या बाजूची तार चार इलेक्ट्रोडची घ्या, इथं काटकसर नको. ही तार कधी कधी श्वासपटलाच्या नसेजवळ बसते आणि डाव्या कुशीवर झोपलं की पोट उचकीसारखं उडतं. चार इलेक्ट्रोड असतील तर प्रोग्रामरवरून (मशीन बाहेरून वाचणाऱ्या आणि सेट करणाऱ्या यंत्रावरून) इलेक्ट्रोडची जोडी बदलून ते बहुधा थांबवता येतं, जखम पुन्हा उघडावी लागत नाही. पुढे एमआरआय लागू शकतो, म्हणून मशीन आणि तिन्ही तारा मिळून एमआरआयला चालतात का, हेही विचारून घ्या.

बसवल्यानंतरचा आकडा म्हणजे पेसिंगची टक्केवारी, म्हणजे शंभरातले किती ठोके मशीन देतं. ती 98 च्या वर हवी. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) किंवा जादा ठोके असले की ती घसरते आणि मशीन असूनही दम लागत राहतो. मशीनचे आणि हृदयाचे स्वतःचे अर्धवट मिसळलेले ठोकेही मशीन आपल्याच खात्यात मोजतं, त्यामुळे आकडा चांगला दिसूनही त्रास होत असेल तर 24 तासांचा होल्टर (अंगावर लावलेला सलग ईसीजी) काढा. ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची ईसीजी पट्टी एकाच फाइलमध्ये जपून ठेवा. डावी तार पकड धरत नसेल, तर बऱ्याचदा त्या तुलनेतूनच ते पहिल्यांदा लक्षात येतं.

मराठवाड्यात गाडी अडते ती प्रोग्रामरवर. एका कंपनीचं मशीन दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामरवर वाचता येत नाही. हिंगोली किंवा धाराशिवच्या पेशंटनं हैदराबाद, पुणे वा छत्रपती संभाजीनगरला मशीन बसवलं, तरी तपासणी वर्षानुवर्षं करावी लागते. म्हणून कोणत्या कंपनीचा तंत्रज्ञ प्रोग्रामर घेऊन लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला ठरलेल्या दिवशी येतो, हे आधी विचारा आणि मग कंपनी ठरवा. नंतर हजार रुपयांच्या सवलतीपेक्षा तीच गोष्ट कामाला येते. डिस्चार्जच्या कागदांवर मशीन आणि तिन्ही तारांचे सिरियल नंबरचे स्टिकर आहेत ना, तेही पाहून घ्या.

चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ नका. कापसाचं गाठोडं, घागर, उसाची मोळी बंद. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. खांद्याखालच्या हालचाली चालू ठेवा. विहिरीवरच्या मोटारीला अर्थिंग नीट नसेल तर झिरपणारा करंट मशीनला हृदयाचा ठोका वाटू शकतो. मग पेसिंग थांबतं किंवा शॉकवाल्या मशीनमधून नाहक शॉक बसतो. अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट झिरपला की वीज तोडणारा स्विच) आधी करून घ्या. मोबाइल मशीनपासून 15 सेंटिमीटर लांब हवा, म्हणजे बंडीच्या डाव्या खिशात नको.

औषधं चालूच राहतात. रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर फोन करा. एप्रिल-मे महिन्यांत जुलाब लागले आणि लघवीची गोळी चालू राहिली, तर किडनीवर ताण येतो. डोस डॉक्टरांना विचारून बदला.

खपलीतून पाणी आलं, तिथली कातडी लाल होऊन गरम लागली, तर सुई घालून पाणी काढायला लावू नका. जिथं मशीन बसवलं तिथंच जा. बॅटरी बदलताना जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतो. बदलण्याचा इशारा आल्यावर साधारण तीन महिने हातात असतात, त्यात आरोग्य योजनेची मंजुरी आणि तारांची तपासणी दोन्ही उरकून घ्या.