सॅलड स्पिनर: पालेभाजी टिकवायला उपयोगी, पण प्रत्येक घराला नाही

पालेभाजीवर केलेला बराचसा खर्च फ्रिजमध्ये वाया जातो. आणलेल्या ३ जुड्यांपैकी १ सडली, की उरलेल्या २ जुड्या दीडपट भावाने पडतात. धुऊन ठेवलेली भाजी सडते ती बहुतेक वेळा पानांवर राहिलेल्या पाण्यामुळे. ओली पानं एकमेकांना चिकटतात, काळपट पडतात, मग बुळबुळीत होतात आणि कूज शेजारच्या पानांत पसरते. सॅलड स्पिनरचं काम हे पाणी काढून टाकणं. इथे कोणत्याही एका ब्रँडची शिफारस नाही. बाजारात मिळणारे तीन प्रकार कसे चालतात, कुठे बिघडतात आणि कुणी घ्यावेत, ते सांगितलं आहे.

रचना साधी आहे. बाहेर भांडं, आत जाळीची टोपली, वर टोपली फिरवणारं झाकण. टोपली वेगाने फिरली की पानांवरचं पाणी फटींतून बाहेर फेकलं जातं आणि भांड्याच्या तळाशी साठतं. फरक आहे तो झाकणातल्या यंत्रणेत. दोरीवाल्या स्पिनरमध्ये दोरी ओढायची, ती स्प्रिंगने परत आत जाते. वेग चांगला मिळतो, पण ओली दोरी आत गुंडाळली जाते, तिला वास येऊ लागतो आणि वापराने ती झिजून तुटते. हँडलवाल्यात प्लास्टिकचे दाते असतात. टोपली गच्च भरून जोर लावला की दाते घसरतात, आणि एकदा बोथट झाले की हँडल नुसतंच फिरत राहतं. दाबायच्या बटणाचा प्रकार एका हाताने चालतो. बहुतेकांत थांबवायचा ब्रेकही असतो, त्यामुळे टोपली आपोआप थांबायची वाट पाहावी लागत नाही. त्याची अडचण अशी की पाणी झाकणाच्या पोकळीत शिरतं, आणि झाकण उघडता येत नसेल तर आत बुरशी धरते.

आमचं मत स्पष्ट आहे: झाकण सुटं करून धुता येत असेल तर दाबाचा घ्यावा, नाहीतर हँडलवाला. दोरीवाला स्वस्त मिळाला तरी दोरी बदलता येणार नसेल तर घेऊ नये.

दुकानात तपासण्याच्या गोष्टी तीनच. पहिली म्हणजे टोपली ज्यावर फिरते तो भांड्याच्या तळाचा खुंट. तो पातळ असेल तर आधी तोच तडकतो, आणि मग भांडं धड असूनही सगळं निकामी होतं. दुसरी, जाळीच्या फटी. कोथिंबिरीची काडी सहज आरपार जात असेल तर बारीक पानं पाण्याबरोबर बाहेर पडणार. तिसरी, तळाला रबराची कडी आहे का. ती नसली तर भांडं ओट्यावर सरकतं आणि ते एका हाताने धरून ठेवावं लागतं.

आकाराच्या बाबतीत कंजुषी करू नये. चौघांच्या घराला साधारण ५ लिटरचं भांडं लागतं. त्यातही टोपली अर्धीच भरायची, म्हणजे एका वेळी निवडलेला पालक सुमारे २०० ते २५० ग्रॅम. पूर्ण भरली तर मधली पानं कोरडी होत नाहीत आणि कडेची चुरगळतात. चुरगळलेलं पान दुसऱ्याच दिवशी काळं पडायला लागतं. छोटा स्पिनर घेऊन पाच-पाच वेळा फिरवावं लागलं की तो महिन्याभरात माळ्यावर जातो.

आता वापर. भाजी आधी निवडून घ्यायची: पिवळी, सडकी पानं काढायची, मुळं छाटायची. निवडलेला पाला टोपलीत घालून टोपली भांड्यात ठेवायची, भांडं गार पाण्याने भरायचं, हाताने पानं हलवायची आणि १ मिनिट थांबायचं. माती खाली बसते. मग टोपली वर उचलायची. इथेच बहुतेक जण चुकतात: पाणी पानांसकट चाळणीत ओततात आणि तळाला बसलेली माती पुन्हा भाजीवर घेतात. तळाशी रेती दिसायची थांबेपर्यंत पाणी बदलायचं. पालकाला साधारण ३ पाणी लागतात. साबण किंवा डिटर्जंट अजिबात वापरू नये, ते पानांत मुरतं. साध्या पाण्याने माती आणि बरेचसे जंतू जातात, सगळे जात नाहीत; म्हणून कच्ची खायची पानं ताजी आणि धडच असावीत.

निथळल्यावर १५ ते २० सेकंद फिरवायचं, तळाचं पाणी ओतायचं, पानं हाताने वरखाली करायची आणि पुन्हा तेवढंच फिरवायचं. ही दुसरी फेरी टाळली तर स्पिनर घेऊन फारसा फायदा नाही. नीट कोरडं झालं का हे वजनकाट्यावर कळतं. धुण्याआधी २०० ग्रॅम असलेला पाला फिरवल्यावर २१० च्या आत भरला तर ठेवायला योग्य. २२० च्या वर गेला तर आणखी एक फेरी. लेट्यूससारखी नाजूक पानं मात्र हळू फिरवावीत.

ठेवताना डब्याच्या तळाशी कोरडं सुती कापड, त्यावर पानं सैलसर, वर पुन्हा कापड आणि झाकण. कापड दमट लागलं की बदलायचं. ० ते ४ अंश सेल्सिअसच्या फ्रिजमध्ये चांगली पानं ५ ते ७ दिवस टिकतात. सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांच्याजवळ डबा ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. मरगळलेली पण हिरवी पानं १५-२० मिनिटं गार पाण्यात ठेवली की पुन्हा ताठ होतात. पिवळ्या पडलेल्या पानांना हा उपाय चालत नाही.

आठवडा संपत आला आणि पालक उरलाच, तर उकळत्या पाण्यात २ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात २ मिनिटं, मग हाताने घट्ट पिळून एका वेळेपुरते गोळे करून उणे १८ अंशाला गोठवावेत. उकळलेला पाला स्पिनरमध्ये टाकू नये, तो जाळीला लगदा होऊन चिकटतो. उकळल्याने क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) काही प्रमाणात पाण्यात जातात. ऑक्झॅलेट, म्हणजे कॅल्शियम शोषू न देणारा पालकातला घटक, तोही कमी होतो. पालकातलं लोह शरीरात कमीच शोषलं जातं, त्यामुळे कच्चा असो वा शिजवलेला, सोबत लिंबू असावं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं.

हा खर्च कुणाला परवडतो? धुतलेली, कापलेली पानं पाकिटात विकत घेणाऱ्यांना सर्वांत आधी. पाकिटाचा आणि जुडीचा भाव किलोमागे काढून पाहावा. जुडीचं वजन मुळं आणि जाड देठ काढल्यानंतरचं धरायचं, नाहीतर हिशेब फसतो. पालकात चौथाईभर वजन सहज निघून जातं. आठवड्याला जेवढा फरक पडतो त्याने स्पिनरच्या किमतीला भागलं की किती आठवड्यांत पैसे वसूल होतात ते कळतं. बीट, मुळा, सलगम यांचा पाला फेकून देणाऱ्या घरात ही वसुली आणखी लवकर होते. हा पाला कंदाबरोबर फुकटच येतो, फक्त धुवायला किचकट असतो आणि तेच काम स्पिनर सोपं करतो.

आणलेली भाजी त्याच दिवशी शिजवणाऱ्यांनी हा स्पिनर घेऊच नये. कढईत जाणारा पालक कोरडा करायची गरज नसते, पानांवरच्या पाण्यातच तो वाफेवर शिजतो. कधीतरीच कच्ची पानं खाणाऱ्यांना स्वच्छ सुती कापड पुरेसं आहे: निथळलेली पानं कापडात सैल बांधायची, चारही टोकं मुठीत धरायची आणि उघड्यावर जोरात १५-२० वेळा गरगर फिरवायचं. स्पिनरच्या जवळपास जाणारा कोरडेपणा मिळतो, मात्र दर वेळी कापड कोरडं हवं आणि आजूबाजूला पाणी उडलं तरी चालेल अशी जागा हवी.

वापरून झाल्यावर झाकण सुटं करून धुवावं आणि उघडंच वाळवावं. ओलं असताना भांड्यावर घट्ट बसवलेलं झाकण चार दिवसांत कुबट वास धरतं, आणि तो पुढच्या भाजीला लागतो. खरेदी करताना सुटं झाकण विकत मिळतं का हे विचारून घ्यावं; भांडं आणि टोपली वर्षानुवर्षं चालतात, आधी जातं ते झाकणच.