जुन्या झुंबराचा सांगाडा रंगवावा, काच रंगवावी की लोकर गुंडाळावी?

जुनं झुंबर किंवा भिंतीवरचा दिवा हाती आला की रंगाचे डबे काढण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: तो पुन्हा उजेडासाठी लावायचा आहे की नुसता शोभेला टांगायचा आहे? एकच पद्धत एका ठिकाणी उत्तम ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी धोक्याची. दिव्याला दोन रूपं असतात, दिवसा विझलेलं आणि रात्री उजळलेलं. कोणतं रूप तुमच्या डोळ्यांसमोर जास्त वेळ राहणार, यावर माझी सगळी तुलना उभी आहे.

दिवा लावायचा असेल तर आधी वायर बघा. जुनं रबरी आवरण कडक होतं, तडकतं, हलकेच वाकवलं तरी त्याचा चुरा पडतो. असं दिसलं की वायर आणि होल्डर दोन्ही बदलायचे. सांगाडा धातूचा असेल तर अर्थिंगही करून घ्यायचं. हे काम जाणत्या वायरमनचं आहे, त्यात हौस नको. मात्र क्रम लक्षात ठेवा: आधी जुनं सगळं काढायचं, मग रिकामा सांगाडा रंगवायचा आणि रंग पूर्ण वाळल्यावर नवी वायर ओवायची. बल्ब एलईडीच लावा. जुन्या पद्धतीचा 60 वॅटचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो. तेवढाच उजेड एलईडी 8-9 वॅटमध्ये देतो आणि शेड फारशी तापत नाही.

आता सांगाडा रंगवण्याबद्दल. त्याला लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. तो खुशाल रंगवा. भरीव पितळ निघालं तर मी रंग लावणार नाही, घासून उजळवेन. तसं पितळ पुन्हा सहज मिळत नाही. लोखंडावर आधी प्रायमर, मग साधारण 20-25 सेंटीमीटरवरून स्प्रेचे पातळ हात. जाड हात दिला की दांडीच्या वळणावर ओघळ येतात आणि ते नेमके नजरेच्या टप्प्यात राहतात. फार जुन्या रंगाचे पोपडे सुटत असतील तर ते कोरडे घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. या पद्धतीची जमेची बाजू म्हणजे उजेड जवळजवळ तसाच राहतो. उणी बाजू अशी की रात्री दिवा लागल्यावर दांड्यांकडे फारसं कुणी बघत नाही.

काचेचं नेमकं उलट. काचेच्या हंडीवर रंग चढवला की खरी गंमत दिवा लागल्यावर कळते, आणि फजितीही तेव्हाच. ॲक्रिलिक रंग दिवसा सुरेख दिसतो, पण तो बहुधा अपारदर्शक असतो. आतून उजेड आला की ब्रशचा प्रत्येक फटकारा काळपट रेघ होऊन उमटतो. म्हणून काचेसाठी पारदर्शक ग्लास पेंटच घ्या आणि ब्रश ओढण्यापेक्षा स्पंजने टिपत रंग बसवा. काम चालू असताना हंडीत मोबाइलचा टॉर्च धरून पाहत राहिलात तर पातळ राहिलेल्या जागा तिथल्या तिथे सापडतात. काही ग्लास पेंट ओव्हनमध्ये पक्के करावे लागतात, बरेचदा 160 अंशांच्या आसपास. तेव्हा हंडी थंड ओव्हनमध्येच ठेवायची, ओव्हन तिच्यासकट तापू द्यायचा आणि तिच्यासकटच निवू द्यायचा. एकदम गरम-थंड झालं की काच तडकते.

रंग निवडताना बल्बचाही विचार करा. 2700 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप) पिवळसर उजेडात तांबडा, केशरी, मधाळ पिवळा खुलतो आणि निळा मरगळतो. निळ्या-हिरव्यावर जीव असेल तर 4000 केल्विनचा पांढरट उजेडाचा बल्ब घ्या. रंगीत काच उजेड अडवतेच, त्यामुळे वाचायच्या खोलीत हा दिवा एकटा पुरणार नाही. संध्याकाळी बसायच्या जागेला मात्र याला तोड नाही, आणि मन द्यायचं तर मी काचेलाच देईन.

लोकर गुंडाळणं किंवा दांड्यांना क्रोशाचे रंगीत पट्टे शिवणं हे सगळ्यात सोपं. वाळायची वाट बघायची नाही, रंगाचा वास नाही, आवडलं नाही तर उसवून टाकता येतं. दिवसा याच्याइतकं रंगीबेरंगी काहीच दिसत नाही. रात्री मात्र त्या दांड्या नुसत्या सावल्या होतात, आणि धूळ बसते ती वेगळीच. दिवा लागणार असेल तर खरी लोकर वापरा, ती सहजासहजी पेट घेत नाही. ॲक्रिलिकचा धागा उष्णतेने वितळतो. होल्डरच्या आसपासची जागा कोणत्याही धाग्याने झाकू नका.

काचेच्या तुकड्यांचं मोझॅइक दिवसा-रात्री दोन्ही वेळा शोभतं. उजेडात तुकड्यांमधल्या, ग्राउटच्या लेपाने बुजवलेल्या फटी काळ्या रेघांसारख्या उमटतात आणि नक्षी अधिक उठून दिसते. पण गोल हंडीवर तुकडे अगदी लहान कापावे लागतात आणि वजन बरंच वाढतं. छताचा हूक ते पेलेल याची खात्री नसेल तर हा नाद नको.

तेव्हा रोजच्या कामाच्या खोलीत भरपूर उजेड हवा असेल तर सांगाडा रंगवा आणि काच स्वच्छ ठेवा. संध्याकाळच्या मंद उजेडासाठी काच रंगवा. वायर बदलणं जमणार नसेल तर दिव्याचा मोह सोडा आणि लोकर, मणी, हवं ते मनसोक्त वापरा. फक्त तेव्हा वायर नुसती कापून ठेवू नका. होल्डरसकट सगळं काढून टाका, म्हणजे पुढे कुणी सहज म्हणून त्यात बल्ब लावून पाहणार नाही.